आमच्याविषयी

पान तिसरं: ‘आमच्याविषयी’.
दुसाने म्हणाले, लिहा तुम्हीच काहीतरी,
आमच्याविषयी काय, आम्ही बुश करतो.

बुश म्हणजे?
त्यांनी ड्रॉवरमधून एक पितळी कडं काढून
माझ्या तळहातावर ठेवलं.
थंड, तेलकट, अंगठीहून जरा मोठं.
“हे आत बसतं. दिसत नाही.
दिसलं तर समजा मशीन उघडलंय,
म्हणजे कुणाची तरी शिफ्ट बोंबलली.”

अंबडला, गरवारे पॉइंटवरून आत, तिसऱ्या गल्लीत,
जिचं सगळं पुण्य न दिसण्यात
त्या वस्तूची वेबसाइट करायला मी बसले होते
कूलंटच्या वासात, स्कूटरची किल्ली अजून मुठीत.

नमुन्यादाखल नेटवरचा एक फोटो दाखवला:
पिवळं हेल्मेट, निळे डोळे, हसरा इंजिनिअर.
दुसान्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
“हा कोण पाहुणा?
नखं बघा ह्याची. ह्यानं लेथ चालवला तर मी शेड विकतो.”
मागे फकीरा न वळताच हसला.
जॉबवरून निघणारी निळसर साल
वेटोळी होत त्याच्या बुटांपाशी पडत राहिली.

मग त्यांनी आपणहून कपाट उघडलं.
विम्याच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत,
पहिला लेथ. बटाल्याचा, सेकंडहँड.
झेंडूचा हार, फुटलेला नारळ, मिशा नुकत्या फुटलेले दुसाने.
फोटोची उजवी कड कात्रीनं कापलेली,
आणि त्यांच्या खांद्यावर एक हात.
नुसता हात. मनगटाला पूजेचा लाल दोरा.

मी विचारलं नाही. स्कॅन केला.
स्थापना: १९९४.

दोन महिन्यांनी फोन. खैरनार बोलतोय,
तीच गल्ली, समोरचं शेड.
“त्यांची केली तशीच आपली करा.
तशीच म्हणजे, एक पान जास्त.”
खैरनारांकडेही बुश, तोच कूलंट,
खिडकीतून तोच पांडवलेणीचा डोंगर, जरा तिरका,
आणि तोच चहावाला, जो एका दारातलं
दुसऱ्या दारात कधी बोलत नाही.
स्थापना?
“चौऱ्याण्णव,” ते म्हणाले. मग थोडं थांबून,
“लिहा ना. काय हरकत आहे?”
त्यांचा फोटो भिंतीवर होता, फ्रेम केलेला:
उरलेला लेथ, उरलेला हार,
एक हसणारा माणूस, ज्याचा उजवा हात
कोपराच्या जरा पुढे, कागदाबरोबर संपतो.

त्या रात्री सिडकोतल्या खोलीत
दोन विंडो शेजारी शेजारी लावल्या.
माउसनं सरकवत आणल्या. कोपराला हात मिळाला.
हार पुरा झाला. लेथवर बटाला हे नाव
पहिल्यांदा सलग वाचता आलं.
मधे केसाएवढी फट राहिली ती जाईना,
कात्रीनं खाल्लेला कागद तेवढा.
शाळेत शिकवलं होतं:
‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत.
दोन्ही पानांवर मी ‘आम्ही’ टाइप केलं.
सेव्ह न करता विंडो मिटल्या.
माझं काम डोमेन, होस्टिंग, वर अठरा टक्के जीएसटी.

परवा दुसान्यांचा फोन.
“मॅडम, तो खांद्यावरचा हात.
पार्ट्या विचारतात कुणाचा म्हणून. काढता येईल?”
येईल की, म्हटलं. पाच मिनिटांचं काम.
पलीकडे लेथ ओरडत होता.
मग बंद झाला. फकीरा माप घेत असणार.

“राहू द्या,” ते म्हणाले.
“फोटो फार बारीक होईल.
त्यापेक्षा तो जुना फॅक्स नंबर काढून टाका.”